भिंतीवरचं उरवट

१२ जानेवारी

भिंगरे,

चित्र सुखरूप पोचलं एवढं कळवायला तुला आठवडा लागला. तुझ्या आईने काढलेलं एकच चित्र माझ्याकडे आहे. ते दोन फळ्यांमध्ये बांधून ट्रकवाल्याच्या हवाली केलं, आणि तुझं कार्ड येईपर्यंत माझा जीव टांगणीला. तो ट्रकवाला माझ्याकडे बघून उगाच हसला होता, हेही सांगून ठेवते.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या तुझ्या उस्तादांना सांग, वरचं पिवळं पडलेलं रोगण तेवढं काढा, माझ्या तोंडाला हात लावू नका. तोंड वाईट आहे, मला माहीत आहे. खिडकीशी बसून प्रुफं तपासतेय आणि कुणीतरी आत्ताच माझी पेन्सिल पळवलीय, असा चेहरा. तुझी आई म्हणाली होती, ताई, दिसतेस तशी काढली, भांडायचं तर आरशाशी भांड.

आता कामाचं. तू पाठवलेले दोन्ही शब्द चिठ्ठ्यांवर चढवले. 'घाम' म्हणजे दमट हवेत चित्राच्या रोगणावर येणारी पांढुरकी झाक. आणि 'पोट सुटणं' म्हणजे ताणून बसवलेला कॅनव्हास मधोमध ढिला पडणं. हा दुसरा वाचून मी एकटीच हसत बसले. माझा नियम तुला पाठ आहे, तरी पुन्हा लिहिते. चिठ्ठीवर तीन गोष्टी: शब्द, अर्थ, आणि कुणाच्या तोंडून ऐकला. काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय एकही शब्द माझ्या चिठ्ठ्यांच्या पेटीत शिरलेला नाही. पाट्या रंगवणारे, चौकटी करणारे, वर्ख लावणारे, रंग कुटणारे, सगळ्यांच्या दारात मी जाऊन बसले आहे. छापखान्यात उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. ही पेटी तेवढी माझी.

प्रकाशक म्हणतात, यंदा पुस्तक काढू. तेव्हा ते छापून हातात येईपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढू नकोस. शब्द पळवणाऱ्याला भिंत फोडावी लागत नाही, कान असले की पुरे.

तुझी,
मावशी

२५ जानेवारी

मावशी,

ट्रकवाला सगळ्यांकडेच बघून हसतो. त्याचे पुढचे दात तसे आहेत.

तुझं चित्र उत्तरेच्या खिडकीखाली मोठ्या टेबलावर उताणं निजलंय. कडेला कापसाच्या बोळ्याने एक बोटभर जागा पुसून पाहिली, तर पडद्याचा रंग चक्क निळा निघाला. आपण इतकी वर्षं त्याला हिरवा म्हणत होतो. चेहऱ्याचं काम उस्तादांनी माझ्यावर सोपवलंय. त्याबद्दल आत्ता काही सांगत नाही, तयार झालं की बघशीलच.

नवा शब्द घे. रंग रुसला. खालच्या थराला तेलकटपणा असला की वरचा रंग धरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होतो, तेव्हा उस्ताद हात झटकतात आणि म्हणतात, रुसला, आता समजूत काढा. मग साबणाच्या पाण्याने समजूत काढायची.

आणि गंमत ऐक. हल्ली आमच्याकडे दर गुरुवारी एक दाढीवाले गृहस्थ येतात. कुठल्याशा कॉलेजात शिकवतात. स्टुलावर बसून विचारत राहतात, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. चौकटींना वर्ख लावणारी आमची वर्खवाली त्यांना आपल्या डब्यातलं वाढते. अगदी तुझाच पुरुषी अवतार बघ. तुम्ही दोघं भेटलात तर पहिल्यांदा एकमेकांच्या पिशव्या तपासाल.

तुझी,
भिंगरी

४ फेब्रुवारी

भिंगरे,

पडदा निळा निघाला हे चांगलं झालं. दाढी निघाली हे चांगलं झालं नाही.

कोण हा माणूस? कॉलेजात काय शिकवतो? लिहून घेतो की नुसता ऐकतो? नुसता ऐकत असेल तर जास्त जपून राहायला हवं, ते लोक घरी जाऊन लिहितात. तुझ्या स्टुलापासून किती लांब बसतो? माझी पत्रं तू कुठे ठेवतेस? टेबलावर ठेवत असशील, तुझ्या आईचीच लेक तू. तीही सगळं उघड्यावर टाकायची.

आणि 'त्याबद्दल आत्ता काही सांगत नाही' म्हणजे काय गं? माझ्या चेहऱ्याचं काय केलंस? बिघडवलं असशील तर सरळ सांग, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण सांग.

मावशी

२० फेब्रुवारी

मावशी,

चेहरा जागेवर आहे. कामाला वेळ लागतो, घाई केली तर रोगणाबरोबर रंगही निघून येतो.

पत्रं मी खणात ठेवते.

एक शब्द: शेजार. कागदावरच्या चित्रात एक रंग ओलेपणी दुसऱ्यात घुसला, तर लालने पिवळ्याचा शेजार केला म्हणतात. सुताराकडून ऐकला. तो चौकटी करतो, पण रंगाबद्दल त्याला सगळ्यांपेक्षा जास्त बोलायचं असतं.

थंडीने बोटं वळत नाहीत, म्हणून आज एवढंच.

भिंगरी

२ मार्च

गुणाच्या भिंगरे,

तुझा 'शेजार' फार गोड आहे. तुझ्या पत्रात या वेळी दाढीवाल्यांचं नाव नव्हतं, तेव्हा म्हटलं गेले वाटतं बिचारे. पण नाही, रविवारच्या पुरवणीत भेटले. त्यांचं नवं सदर सुरू झालंय, कारागिरांच्या बोलीवर. 'रंग रुसला' आहे, 'पोट सुटणं' आहे. छान लिहितात हो. शैली आहे माणसाला.

असो. आता तुला एक शब्द देते. तो मी अजून कुणालाही दाखवलेला नाही, प्रकाशकांनाही नाही. परवा भिंती रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितला. 'उरवट.' भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं चित्र काढलं की मागे एक स्वच्छ चौकोन दिसतो ना, भोवतालची भिंत मळलेली, उन्हाने विटलेली, आणि चित्रामागची तेवढी पहिल्या दिवसासारखी? ते उरवट. माझ्या खोलीतलं समोरच आहे, तुझ्या आईचं चित्र होतं तिथलं. लिहिताना मान वर केली की तेच दिसतं.

तुझ्यापाशीच राहू दे.

तुझी लाडकी,
मावशी

१४ मार्च

मावशी,

उरवट! अगं, हा शब्द आम्हाला रोज लागतो आणि आजवर आमच्याकडे नव्हता. आम्ही दिवाणखान्यांतून, कचेऱ्यांतून चित्रं उतरवून आणतो, तेव्हा परत लावायची जागा चुकू नये म्हणून भिंतीवरच्या त्या चौकोनाचं माप घ्यावं लागतं. त्याला आजपर्यंत 'ते मागचं' म्हणायचो. कागदावरच्या चित्रांनाही होतं तसं, चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला रंग ताजा राहतो आणि बाकीचा उडतो. काल सुतार म्हणाला, याचं उरवट बघा, हा आधी जांभळा होता.

त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. असे आणखी काही त्याच्याकडे असतील तर विचारून घे.

चित्राचं अर्धं काम झालं. अजून सांगत नाही.

तुझी,
भिंगरी

९ एप्रिल

तुला,

म्हातारा नाही. नव्हताच. 'उरवट' मी केला, माझ्या टेबलाशी बसून, समोरच्या भिंतीकडे बघत.

आमच्या छापखान्यात नकाशे छापायला यायचे. काही नकाशेवाले त्यात मुद्दाम एक नसलेली गल्ली घालत. दुसऱ्या कुणाच्या नकाशात तीच गल्ली दिसली की चोर सापडला. मी तसाच खडा टाकून पाहिला. या जगात तो शब्द दोघींनाच ठाऊक होता, एक मी आणि एक तू. आणि परवाच्या रविवारी दाढीच्या सदरात अर्धा रकाना: 'उरवट, कारागिरांचा जुना, अर्थगर्भ शब्द.' जुना म्हणे. मी चहाचा कप विसळायच्या आत, या टेबलाशी जन्मलेला.

माझ्या मनात पाल चुकचुकत होतीच. तू त्याचं नाव गाळायला लागलीस तेव्हापासून. 'पत्रं खणात ठेवते' असं तुटक लिहिलंस तेव्हापासून. काय मिळालं तुला? लेखाखाली नाव? तेही नाही. मग नुसतं त्याने छान म्हणावं म्हणून? बहीण गेली तेव्हा मला वाटलं होतं, निदान हिची लेक आहे. ही पेटी मी तुझ्यासाठीच ठेवणार होते, ते आता वाचून घे.

पुरवणीच्या संपादकांना मी कळवलं आहे की यांचा जुना शब्द बनावट आहे आणि तो मी केला. प्रकाशकांनाही तेच कळवलं, म्हणजे खरा संग्रह कुणाचा आणि उचलेगिरी कुणाची ते त्यांना समजेल.

चित्र आहे तसं परत पाठव. हात लावू नकोस.

१६ एप्रिल

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

लहानपणी तू हा मायना माझ्याकडून पाटीभर लिहून घेतला होतास. आज पहिल्यांदा पूर्ण लिहिला.

तुझी पत्रं मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवते. सगळ्यांना. पहिल्यापासून. ट्रकवाल्याच्या हसण्याचं वाचलं तेव्हा उस्तादांना ठसका लागला. वर्खवाली तुझं पत्र आलं का म्हणून रोज विचारते. तू कुणाला सांगू नकोस म्हणाली होतीस, म्हणून तुला कळवलं नाही. एवढाच माझा गुन्हा. तू दाढीवाल्यांबद्दल जी प्रश्नांची सरबत्ती केलीस ती मी वाचून दाखवली नाही, ते समोरच बसले होते. आणि तुला आवडत नाही म्हणून पत्रात त्यांचं नाव घेणं सोडलं. ते बोलतात चांगले, वर्खवालीला भांडी घासायलाही मदत करतात.

'रुसला' त्यांनी उस्तादांकडून ऐकला, 'पोट सुटणं' सुताराकडून. माझ्याकडून नाही. ते शब्द तुझेही नाहीत मावशी, त्यांचे आहेत. तू पेटीत ठेवलेस म्हणून त्यांनी बोलायचं बंद करायचं का?

आणि 'उरवट' आम्ही वापरला, कारण आम्हाला हवा होता. भिंतीला टेप लावून सुतार ओरडतो, उरवट दीड हात बाय एक हात. तो कुणाला चिमटीत पकडायला केलेला सापळा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. मी त्या म्हाताऱ्याला नमस्कार पाठवला होता.

अर्धं पुसलेलं चित्र परत पाठवता येत नाही. अर्ध्या तोंडाने तू पिवळी दिसतेस आणि अर्ध्या तोंडाने नाही. पूर्ण करून पाठवीन.

कळावे.

३० मे

भिंगरी,

दीड महिना झाला. रोज टपालवाल्याच्या सायकलकडे बघते. तो मला बघून मान हलवतो आणि पुढे जातो.

काय काय झालं ते सांगते, म्हणजे तुला निदान गंमत तरी वाटेल. माझं पत्र पुरवणीत छापून आलं. त्याच्याखाली तुमच्या दाढीवाल्यांचं उत्तर, चार ओळी. ते लिहितात, शब्द कुणी केला ते मला माहीत नाही. काम करणाऱ्या तीन माणसांच्या तोंडून, काम चालू असताना, मी स्वतः ऐकला आहे. झालं. माझाच नियम, माझ्याच तोंडावर. मी पेन्सिल घेऊन त्यांची चूक शोधायला बसले. चार ओळींत एकही सापडली नाही.

पण खरी तोंडघशी पडले ती पुढे. प्रकाशकांचं पत्र आलं. त्यांनी माझी पेटी छापायला घेतली होती, ती बाजूला काढून ठेवली आहे. म्हणतात, बाई, तुम्ही एक शब्द बनवलात आणि त्याला एक म्हातारा बनवलात. मग बाकीच्या चिठ्ठ्यांवरची माणसं खरी कशावरून? मी त्यांना काय सांगणार? पाट्या रंगवणारे बरेचसे वारले. रंग कुटणाऱ्याचं दुकान पाडलं. मी म्हणते म्हणून खरं, एवढंच माझ्याजवळ आहे, आणि त्याची किंमत मीच घालवली. मी चोर धरायला गेले आणि आता माझीच झडती चालू आहे.

कुणीतरी जाणतं माणूस येऊन चिठ्ठ्या वाचून सांगेल की हे शब्द खरोखर बोलले जातात, तर ते छापायला तयार आहेत. असं जाणतं माणूस मला एकच माहीत आहे, आणि तिला मी चोर म्हटलं.

मी चुकले गं. तुझ्या पत्रात ते सगळं लिहिलेलं होतं. 'आम्हाला रोज लागतो' असं तू लिहिलंस, आणि मी त्यातला 'आम्ही' कोण ते शोधत बसले. तू खुशीत होतीस, एवढं सरळ मला वाचता आलं नाही.

तू प्रकाशकांकडे गेली नाहीस तरी चालेल. पत्राचं उत्तर दे. पेटीचं काही का होईना.

मावशी

२२ जून

मावशी,

मी उत्तर देणार नव्हते. उस्ताद रोज जेवताना विचारायचे, बाईंचं काही आलं का. शेवटी तुझं पत्र खणातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, सुट्टीचा अर्ज दे, मीपण येतो.

आम्ही तिघं गेलो. मी, उस्ताद आणि वर्खवाली. तुझ्या प्रकाशकांच्या कचेरीत पंखा नाही आणि खुर्च्या दोनच आहेत. वर्खवाली पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली. मी एकेक चिठ्ठी वाचायची आणि त्या दोघांनी सांगायचं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसलो. दोन ठिकाणी उस्ताद म्हणाले, अर्थ थोडा निसटलाय, ते मी पेन्सिलने लिहिलंय, रागावू नकोस. एका चिठ्ठीवर सोनेरी चौकटी करणाऱ्या कुणा माणसाचं नाव होतं. ते वाचल्यावर वर्खवालीने चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली. तो तिचा बाप. तुझ्या पेटीत त्याचे सहा शब्द आहेत, त्यातले दोन तीही विसरली होती. त्यानंतर प्रकाशकांनी सगळ्यांना चहा मागवला. पुस्तक निघतंय.

हे मी पेटीसाठी केलं. तुझ्यासाठी केलं का ते मला अजून ठरवता येत नाही. तू मला चोर म्हणालीस ते मी विसरलेली नाही, आणि विसरले असं खोटं लिहिणार नाही. एवढ्यात मी तिकडे येणार नाही.

चित्र परवा निघेल, तोच ट्रकवाला. मी इतके दिवस काय लपवत होते ते आता सांगते. तुझ्या तोंडाच्या कोपऱ्यांत रोगण साचून तपकिरी झालं होतं, त्याने ओठ खाली ओढल्यासारखे दिसायचे. ते निघालं तेव्हा दिसलं की तू हसायच्या बेतात आहेस. पेन्सिल वगैरे कुणी पळवलेली नाही, ती तुझ्या कानावर आहे. आईने ती रंगवलीय, काळोखात बुडाली होती. तुला समोरासमोर दाखवायचं होतं, म्हणून बोलले नाही.

जुन्या चौकटीला कीड लागली होती. नवी केली. सुताराने बाहेरचं माप विचारलं तेव्हा मी सगळ्या बाजूंनी दोन दोन बोटं कमी सांगितलं. टांगल्यावर चारी बाजूंनी भिंतीची पांढरी पट्टी दिसेल. सुताराची चूक नाही, त्याला बोल लावू नकोस.

भिंगरी

५ जुलै

भिंगरी,

चित्र आलं. ट्रकवाल्याला मी पाणी दिलं. दात खरंच तसेच आहेत त्याचे.

शेजारच्या वायरमनने स्टुलावर चढून टांगून दिलं. खाली उतरून म्हणाला, मावशी, चौकट छोटी झाली, मागची भिंत दिसतेय, बदलून घ्या. मी म्हटलं, राहू दे, तशीच मागवली आहे. सकाळी उठले की आधी ती पट्टी दिसते, मग मी दिसते. पेन्सिल कानावर आहे हे मलाच इतकी वर्षं माहीत नव्हतं. तुझ्या आईला माहीत होतं आणि तिने सांगितलं नाही. बरीच हसली असेल ती.

प्रकाशकांना मी 'उरवट'ची चिठ्ठी पाठवत आहे. ती पुस्तकात जायला हवी, आता तो बोलला जाणारा शब्द आहे. म्हाताऱ्याला खोडलं. अर्थ तोच ठेवला, आणि खाली लिहिलं: 'हा शब्द संग्रह करणाऱ्या बाईने भाचीवर संशय घेऊन बनवला. चित्रं दुरुस्त करणाऱ्यांनी तो खरा केला.' प्रकाशक म्हणतील, बाई, हे छापायचं? छापायचं.

तिसरी जागा मोकळी आहे, कुणाच्या तोंडून ऐकला ती. तो मी तोंडाने कधी उच्चारलेलाच नाही, नुसता लिहिला. पहिल्यांदा मोठ्याने तू वाचलास, जेवणाच्या सुट्टीत. तिथे तुझं नाव लिहायचं आहे. न विचारता लिहिणार नाही. चिठ्ठी टेबलावर उघडीच ठेवली आहे, उत्तर येईपर्यंत तिथेच राहील.

तुझी,
मावशी